नॅरोबोट घेऊन लॉकमधून जाताना: लँगॉलेन कालव्यासाठी सविस्तर मार्गदर्शक

भाड्याची नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी लांबट, अरुंद बोट, घेऊन इंग्लंड-वेल्सच्या कालव्यांवर हिंडायला परवाना लागत नाही, परीक्षाही नसते. बोटी भाड्याने देणाऱ्या तळावरची माणसं तुम्हाला इंजिन, गॅस, सुकाणू दाखवतात, बहुतेक वेळा थोडं अंतर सोबत येतात, आणि मग पन्नास-साठ फूट लांबीची पोलादी बोट तुमच्या ताब्यात येते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत येणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा प्रवास एकदा तरी करावा असं मला मनापासून वाटतं. चार-सहा माणसांना एकत्र काम करायला लावणारी इतकी सुंदर सुट्टी दुसरी नाही. अडचण एवढीच की तळावर लॉकबद्दल, म्हणजे बोटीला वर-खाली करणाऱ्या दारांच्या हौदाबद्दल, जे सांगतात ते नव्या बोटीच्या कौतुकात अर्धं कानावरून जातं, आणि या प्रवासात धोका असलाच तर तो लॉकमध्येच असतो. म्हणून हा लेख निघण्याआधी सगळ्यांनी वाचावा. सुकाणूवर उभा राहणाराच नाही, काठावर दारं उघडणारी मंडळीसुद्धा.

उदाहरणासाठी मी लँगॉलेन कालवा घेतला आहे. इथे लिहिलेली लॉकची पद्धत इतर अरुंद कालव्यांवरही तशीच्या तशी चालते.

कालवा आणि किती दिवस लागतील

हा कालवा नँटविचजवळ हर्ल्स्टनला श्रॉपशर युनियन कालव्यापासून फुटतो, व्हिटचर्च आणि एल्समिअरवरून पश्चिमेला जातो आणि वेल्समधल्या लँगॉलेन गावी पोचतो. अंतर सुमारे ४४ मैल, लॉक २१. त्यातली हर्ल्स्टनला ४, स्वॉनलीला २, बॅडिलीला ३, पुढे मार्बरी, क्वॉइझली, विलीमूर आणि पोव्हीज अशी चार एकेकटी, मग ग्रिंडली ब्रुकला ६ आणि शेवटी न्यू मार्टनला २.

वेळेचा हिशोब करायची जुनी रीत सोपी आहे. मैल आणि लॉक यांची बेरीज करा आणि तिनाने भागा. ४४ अधिक २१ म्हणजे ६५, भागिले तीन, म्हणजे साधारण बावीस तास. दिवसाला सहा तास बोट चालवली तर एका बाजूलाच जवळपास चार दिवस जातात. भाड्याची बोट अंधारात चालवायची नसते, हेही हिशोबात धरा. हर्ल्स्टनच्या बाजूने निघून आठवड्यात परत यायचं तर रोज नेटाने पुढे जावं लागतं. लहान मुलं किंवा वयस्कर आई-बाबा बरोबर असतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे: व्हिटचर्च किंवा एल्समिअरच्या आसपासच्या तळावरून बोट घ्या. तिथून लँगॉलेनपर्यंत फक्त न्यू मार्टनची दोन लॉक लागतात. हात बसल्यावर ज्यांना आणखी लॉक करायची हौस आहे त्यांनी परत येताना ग्रिंडली ब्रुकच्या सहा लॉकमधून खाली उतरून यावं.

कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे. प्रत्यक्षात तीनच्या वर क्वचित जाल, आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना तर इंजिन अगदी मंद ठेवायचं, नाहीतर त्यांचे दोर ताणले जाऊन खुंट उपटतात. या कालव्याची आणखी एक खास गोष्ट म्हणजे इथलं पाणी वाहतं. लँगॉलेनच्या वर हॉर्सशू फॉल्सजवळ डी नदीचं पाणी कालव्यात घेतात आणि ते थेट हर्ल्स्टनच्या जलाशयात पोचतं. १९४४ साली कायद्याने इथली जलवाहतूक बंद करण्यात आली, तरी हा कालवा वाचला तो या पाणीपुरवठ्यामुळेच. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की लँगॉलेनकडे जाताना प्रवाह विरुद्ध असतो. जायला लागलेल्या वेळेपेक्षा यायला कमी वेळ लागेल.

इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. निघायच्या आदल्या दिवशी तिच्या संकेतस्थळावर त्या कालव्याच्या सूचना पाहा. दुरुस्तीची कामं मुख्यतः हिवाळ्यात निघतात, आणि कोरड्या उन्हाळ्यात पाणी वाचवण्यासाठी लॉकच्या वेळांवर बंधनं येतात.

लॉकची ओळख

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. एका बाजूला कालव्याची पातळी उंच, दुसऱ्या बाजूला खाली. हौदात पाणी भरलं की बोट वर येते, सोडलं की खाली जाते. पंप नाही, वीज नाही. सगळं काम पाण्याच्या स्वतःच्या वजनाने होतं.

पाणी सोडण्या-भरण्यासाठी ज्या झडपा असतात त्यांना पॅडल म्हणतात. काही पॅडल दाराच्या बाजूला जमिनीत असतात आणि पाणी भुयारातून हौदाच्या तळाशी आणतात. काही थेट दारातच असतात. पॅडल उघडायला इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची लोखंडी चावी लागते, तिला विंडलास म्हणतात. किमान दोन, शक्य तर तीन विंडलास बोटीवर असावेत, कारण एखादा पाण्यात पडतोच. दाराला जो लांब दांडा असतो त्याला पाठ टेकवून, पाय जमिनीत रोवून दार ढकलायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. वरच्या दाराच्या पायथ्याशी हौदाच्या आत पुढे आलेला दगडी किंवा काँक्रीटचा उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. हौद भरलेला असताना तो पाण्याखाली दडलेला असतो आणि दिसत नाही. तो कुठपर्यंत आहे हे दाखवण्यासाठी हौदाच्या भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते. त्या रेघेचं महत्त्व खाली उतरताना कळेल.

अरुंद लॉकची रुंदी साधारण ७ फूट आणि नॅरोबोटीची ६ फूट १० इंच. दोन्ही बाजूंना एकेक इंच जागा. हौदाची लांबी, रुंदी आणि चढ यांचा गुणाकार केला तर एका वेळी सुमारे लाखभर लिटर पाणी वरून खाली जातं, म्हणून उगीच लॉक भरू-रिकामं करू नये.

लॉकला पोचण्याआधी

सकाळी निघण्यापूर्वी इंजिनचं तेल पाहा, बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) दांड्याला वंगण देणारी कळ तळावर सांगितली असेल तशी फिरवा, आणि पंख्यात शेवाळ अडकलंय का पाहायचं झाकण उघडलं असेल तर ते परत घट्ट बंद केल्याची खात्री करा. ते सैल राहिलं आणि इंजिन सुरू केलं तर पाणी बोटीत येतं.

कामं आधीच वाटून घ्या. एक जण सुकाणूवर, दोघं काठावर. सुकाणूवरचा माणूस बोटीला काय होतंय ते सगळ्यात आधी पाहतो, त्यामुळे त्याचा शब्द अंतिम. इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरवा: तळहात वर केला की सगळं थांबवायचं आणि पॅडल बंद करायचं, अंगठा वर केला की पुढचं करायचं. काठावरच्यांनी पॅडल फिरवताना चाकाकडे पाहत बसू नये. नजर बोटीवर आणि सुकाणूवरच्या माणसावर हवी.

बोटीच्या बाजूला लटकवलेले रबरी फेंडर लॉकमध्ये शिरण्याआधी वर ओढून ठेवा. मोकळ्या काठाला ते उपयोगी असतात, पण अरुंद लॉकमध्ये भिंतीत अडकून बोटीला पाचरीसारखे बसतात.

लॉकच्या अलीकडे दोर बांधायला ठेवलेल्या जागी बोट हळू थांबवा. नॅरोबोट पंधरा टनांच्या घरात असते; भरल्या बैलगाडीसारखी ती सुरू व्हायला वेळ घेते आणि थांबायलाही, म्हणून लांबूनच वेग कमी करा आणि इंजिन उलटं फिरवून थांबवा. इंजिन उलटं असताना सुकाणू जवळजवळ काम करत नाही. काठावर उतरताना पाऊल टाकून उतरा, उडी कधीच मारू नका. दोर गुंडाळून हातात घ्या, पण बोटांना किंवा मनगटाला वेढा देऊ नका.

मग एकाने विंडलास घेऊन लॉकपर्यंत चालत जावं आणि दोन गोष्टी पाहाव्यात. पाणी कुठल्या पातळीला आहे, आणि समोरून बोट येतेय का. लॉक समोरच्या बोटीच्या सोयीचं असेल आणि ती नजरेत असेल तर तिला आधी येऊ द्या. पाणी वाया जात नाही, आणि बरेचदा ते लोक तुमच्यासाठी दार उघडं ठेवतात. समोर कुणी नसेल तर लॉक तुमच्या दिशेला तयार करा.

वर चढताना

हौद रिकामा हवा. भरलेला असेल तर आधी वरची सगळी पॅडल बंद आहेत ना ते पाहा आणि खालची पॅडल उघडून पाणी सोडा. पाणी दोन्हीकडे सारखं झालं की खालची दारं सहज हलतात. हलत नसतील तर पातळी सारखी झालेली नाही; जोर लावू नका, थांबा.

बोट आत घ्या. लँगॉलेन कालव्यावर इथे विशेष काळजी हवी. जास्तीचं पाणी लॉकला वळसा घालून येतं आणि खालच्या दाराच्या अगदी बाहेर आडवं कालव्यात पडतं. काही ठिकाणी ते इतकं जोरात येतं की बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लॉकच्या ऐन तोंडाशी बाजूला ढकलली जाते. ते पाणी कुठल्या बाजूने येतंय ते आधी चालत जाऊन पाहून ठेवा, त्या बाजूला किंचित रोख धरा आणि नाळ दारात शिरेपर्यंत थोडा वेग राखा. अगदी हळू गेलात तर प्रवाह तुम्हाला भिंतीवर नेईल.

बोट आत आली की वरच्या दारापासून मागे थांबवा. खालची दारं बंद करा. मग खालची पॅडल बंद करा, एकेक हात लावून तपासा. ती उघडी राहिली आणि वरची उघडली तर वरच्या कालव्याचं पाणी सरळ खाली वाहत जातं.

आता वरची जमिनीतली पॅडल उघडा, आधी अर्धी. पाण्याच्या खळबळीने बोट पुढे-मागे ओढली जाते. सुकाणूवरच्याने इंजिन हलकंच पुढे-मागे करून तिला जागेवर ठेवायचं. बोट स्थिर दिसली की पॅडल पूर्ण उघडा. दारातली पॅडल मात्र शेवटपर्यंत थांबवा. ती लवकर उघडली तर पाण्याचा लोट थेट नाळेवरून डेकवर येतो.

या सगळ्यात नाळेकडे एक जण सतत पाहत असावा. वर येताना नाळ दाराच्या आडव्या लाकडाखाली अडकली तर मागचा भाग वर येत राहतो आणि नाळ पाण्याखाली दाबली जाते. तसं दिसलं की ताबडतोब वरची पॅडल बंद करा, आणि मग खालची हळूहळू उघडून पाणी उतरवा.

पाणी सारखं झालं की वरचं दार उघडा, बोट बाहेर काढा, दार बंद करा, पॅडल बंद करा. मागून किंवा पुढून बोट येताना दिसत असेल तर दार तिच्यासाठी उघडं ठेवायची रीत आहे.

खाली उतरताना

उतरणं सोपं वाटतं, कारण खळबळ नसते. पण या प्रवासातला सगळ्यात गंभीर अपघात इथेच होतो.

हौद भरलेला हवा. वरचं दार उघडून बोट आत घ्या आणि शक्य तेवढी पुढे न्या. मागचा पंखा आणि सुकाणूचं पातं पांढऱ्या रेघेच्या पुढे गेलं पाहिजे. वरचं दार आणि वरची पॅडल बंद झाल्यावरच खालची पॅडल अर्धी उघडा.

पाणी उतरू लागलं की बोट नकळत मागे सरकू शकते. सुकाणूवरच्या माणसाने मान वळवून रेघ पाहत राहायचं आणि इंजिन मंद पुढे ठेवून जागा धरायची. या वेळी चहा आणायला आत जायचं नाही, फोटो काढायचा नाही, दुसऱ्या बोटीवाल्याशी गप्पा मारायच्या नाहीत. मागचा भाग सिलवर बसला तर पाणी उतरत राहतं, नाळ खाली जाते, आणि मिनिटा-दोन मिनिटांत बोट इतकी कलते की पुढून पाणी आत शिरतं.

बोट सिलवर टेकली असं वाटलं तर लगेच ओरडा. काठावरच्यांनी खालची पॅडल तत्काळ बंद करायची. मग वरची पॅडल हळूहळू उघडून हौद परत भरायचा, म्हणजे बोट तरंगून मोकळी होते. क्रम लक्षात ठेवा: आधी जाणारं पाणी थांबवायचं, मग येणारं सोडायचं.

दोर काठाच्या खुंटाला कधीही गाठ मारून बांधू नका. एक वेढा द्या आणि टोक हातात ठेवा, पाणी उतरेल तसा सोडत जा. बांधलेला दोर उतरत्या बोटीला एका बाजूने लटकवतो.

विंडलास आणि हात

लॉकवर विंडलासमुळे इजा होण्याचा धोका मोठा असतो. पॅडल उघडलं की खाली घसरू नये म्हणून एक खिटी दात्यात पडते. ती बसली आहे याची खात्री झाल्यावर विंडलास काढून घ्या. तसाच लावून ठेवला आणि खिटी निसटली तर तो गरगर फिरतो आणि हात किंवा जबडा मोडू शकतो. बंद करतानाही पॅडल धाडकन सोडू नका, फिरवून उतरवा.

दारावरून पलीकडे जाण्यासाठी फळी असते, तिथे कठडा धरून एकेकाने जावं, पावसात तर फारच जपून. मुलांना दांडा ढकलायला द्या, त्यांना ते फार आवडतं. पॅडल मात्र मोठ्यांनीच फिरवावीत, आणि लॉकच्या काठावर मुलांच्या अंगात जीवरक्षक जॅकेट हवंच. साडी, लांब ओढणी, सैल सलवार लॉकच्या कामाला नको. रबरी तळाचे बूट घाला.

कुणी पाण्यात पडलं तर पहिलं काम म्हणजे इंजिन न्यूट्रलमध्ये टाकणं. बोट मागे आणायच्या नादात पंखा माणसाकडे जातो. एरवी कालवा बहुतेक ठिकाणी उभं राहता येईल इतका उथळ असतो. लॉकमध्ये पडलं तर सगळी पॅडल बंद करायची, दोर टाकायचा, शिडीकडे न्यायचं. मदतीसाठी ९९९. कालव्याच्या पाण्यातून लेप्टो होऊ शकतो. मुंबई-कोकणातल्या माणसांना तो नव्याने सांगायला नको. जेवणाआधी साबणाने हात धुवा, जखम झाकून ठेवा, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कालव्याचा प्रवास सांगा.

ग्रिंडली ब्रुकचा जिना

इथल्या सहापैकी तीन लॉक एकमेकांना चिकटलेली आहेत. एकाचं वरचं दार म्हणजे दुसऱ्याचं खालचं दार. अशा रचनेला स्टेअरकेस म्हणतात. हंगामात इथे लॉककीपर असतात. जवळ पोचलात की बोट बांधा, चालत जाऊन त्यांना भेटा आणि ते सांगतील तसंच करा. उन्हाळ्यात रांग लागते. ती मोडायचा विचार करू नका.

कीपर नसतील तर नियम असा: चढताना सगळ्यात खालचा हौद रिकामा आणि वरचे दोन्ही भरलेले हवेत. उतरताना सगळ्यात वरचा भरलेला आणि खालचे दोन्ही रिकामे हवेत. वरच्या हौदातलं पाणीच खालचा हौद भरतं, म्हणून हा क्रम. निघण्याआधी वर-खाली चालत जाऊन तिन्ही हौद डोळ्यांनी पाहा.

पूल, बोगदा आणि लोखंडी जलसेतू

या कालव्यावर काही उचलते पूल आहेत. बहुतेक विंडलासने उचलतात. रेनबरीचा पूल विजेवर चालतो आणि त्याला ट्रस्टची खास किल्ली लागते, ती बोटीबरोबर मिळते. रस्त्यावरची वाहनं थांबली आहेत हे पाहूनच पूल उचला, आणि बोट पूर्ण बाहेर पडल्यावरच खाली आणा.

चर्कला आधी १८०१ चा दगडी जलसेतू, म्हणजे कालवाच वाहून नेणारा पूल, आणि लगेच ४२१ मीटरचा बोगदा लागतो. बोगद्यात समोरासमोरच्या दोन बोटी एकमेकींना ओलांडून जाऊ शकत नाहीत. पुढचा दिवा लावा, आत डोकावून समोरचा दिवा दिसत नाही ना पाहा, मगच शिरा. प्रवाह विरुद्ध असल्यामुळे वेळ लागतो. इंजिन वाढवून फारसा फरक पडत नाही.

पॉन्टकसल्टेचा जलसेतू १८०५ मध्ये खुला झाला. टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप या अभियंत्यांचं हे काम ३०७ मीटर लांब आहे आणि डी नदीच्या ३८ मीटर वरून जातं. २००९ पासून तो आणि त्याच्या लगतचा कालवा जागतिक वारसा आहे. पायवाटेच्या बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला फक्त लोखंडी पन्हाळीची कड, पाण्याच्या थोडीशी वर. मुलांना आत बसवा किंवा पुढच्या डेकवर मोठ्यांनी हाताशी धरा. बोटीच्या छतावर कुणीही नको. समोरून बोट येत असेल तर ती पूर्ण बाहेर येईपर्यंत थांबा. बोट पन्हाळीत अलगद घासत जाते, त्याने काही होत नाही. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी पायवाटेने चालत गेलं तरी दृश्य तितकंच भव्य असतं.

जलसेतूपलीकडच्या ट्रेव्हर गावानंतर कालवा डोंगराच्या कडेला खोदलेला आहे आणि काही पट्टे एकाच बोटीपुरते अरुंद आहेत. तिथे एकाने पुढे चालत जावं आणि वाट मोकळी असल्याची खूण करावी. लँगॉलेनच्या पुढे इंजिनाच्या बोटींना मनाई आहे; तिथून घोड्याने ओढलेल्या प्रवासी बोटी चालतात. हॉर्सशू फॉल्सपर्यंत पायी जा.

स्वयंपाकघर, पाणी, परत देणं

बोटीवर गॅसची शेगडी असते, कुकर छान चालतो. मिक्सर मात्र बहुतेक बोटींच्या बॅटरीवर चालत नाही, म्हणून वाटण आणि चटण्या घरूनच तयार आणा. स्वयंपाक करताना खिडकी किंवा छताची झडप उघडी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म रोज तपासा. पाण्याची टाकी रोज भरावी. नळ कुठे आहेत ते कालव्याच्या नकाशात असतं. मे महिन्यातही रात्री थंडी असते, स्वेटर हवेतच.

वळण्यासाठी कालव्यात ठराविक रुंद जागा असतात. नकाशात पाहून तुमच्या बोटीची लांबी तिथे मावते का ते ठरवा, आणि परतीच्या हिशोबात एक मोकळा अर्धा दिवस ठेवा. एखाद्या लॉकवरची रांग किंवा पंख्यात अडकलेलं प्लास्टिक तेवढा वेळ खातं. बोट परत द्यायच्या आदल्या रात्री तळापासून तासाभराच्या अंतरावर बांधा. सकाळी विंडलास मोजा, किल्ली जागेवर ठेवा, आणि प्रवासात एखादं पॅडल किंवा दार नादुरुस्त दिसलं असेल तर ट्रस्टला त्या लॉकच्या क्रमांकासह कळवा. क्रमांक लॉकजवळच्या फलकावर असतो.